सालाझार : बालपण आणि सत्तारोहण (१८८९ ते १९३३)

पोर्तुगालच्या उत्तर-मध्य भागात बैरा आल्ता नावाचा डोंगराळ प्रांत आहे. द्राक्षांचे मळे, पाईनची झाडी, काळ्या-करड्या दगडांची घरे आणि तुटपुंजी शेती असा तो मुलूख. या प्रांतात व्हिझेव शहराच्या दक्षिणेस, दांव नदीच्या काठी, सांता कोंबा दांव हे लहानसे गाव आणि त्याला लागूनच व्हिमियेरू ही वस्ती. तेथे २८ एप्रिल १८८९ रोजी आंतोनियु द ओलिव्हेरा सालाझार याचा जन्म झाला.

गोवेकरांना हे नाव वेगळे सांगावयास नको. तथापि आपणां बहुतेकांच्या मनात त्याचे जे चित्र आहे ते १९४६ नंतरचे, म्हणजे साठीकडे झुकलेल्या, कोणाचेही न ऐकणाऱ्या, गोव्याविषयी वाटाघाटीचा शब्दही न काढू देणाऱ्या हुकूमशहाचे आहे. तो माणूस त्या स्थानी पोहोचला कसा, त्याला तेथे कोणी नेऊन बसवले आणि त्याच्या उत्कर्षाचा धागा गोव्याच्या हिंदू समाजाच्या भवितव्याशी नेमका कोठे गुंतला, ही हकीकत आपल्याकडे क्वचितच सांगितली जाते. ती सांगण्याजोगी आहे; कारण सालाझार तलवारीच्या जोरावर वर आला नाही, वक्तृत्वाच्या जोरावरही नाही. तो वर आला हिशेबाच्या वहीच्या जोरावर.

त्याचा बाप आंतोनियु द ओलिव्हेरा याने शेतमजुरीपासून सुरुवात केली व पेरेश्त्रेलु नावाच्या जमीनदार घराण्याच्या इस्टेटीचा तो कारभारी झाला. गोव्यात भाटकाराचा मुकादम असावा तसाच हा प्रकार. आई मारिया दु रेशगात सालाझार ही धार्मिक वृत्तीची, करारी बाई. चार मुलींच्या पाठीवर झालेला हा एकुलता एक मुलगा. पोर्तुगेज रिवाजाप्रमाणे शेवटचे आडनाव बापाचे असावयाचे. येथे ते आईचे आहे. या एका गोष्टीवरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत हे खरे, परंतु मुलाच्या मनावर आईचाच पगडा अधिक होता याविषयी त्याच्या चरित्रकारांत मतभेद नाही.

गरीब घरच्या हुशार मुलाला शिकावयाचे तर त्या काळी त्या प्रांतात एकच वाट होती, आणि ती सेमिनारीतून जात असे. १९०० साली, वयाच्या अकराव्या वर्षी, आंतोनियु व्हिझेवच्या सेमिनारीत दाखल झाला. तेथे त्याने आठ वर्षे काढली. लॅटिन, तत्त्वज्ञान व धर्मशास्त्र यांचा त्याचा अभ्यास उत्तम झाला. पाद्रीपदाच्या कनिष्ठ दीक्षाही त्याने घेतल्या. परंतु १९०८ साली शिक्षण संपले तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता आणि पूर्ण दीक्षेस ते वय पुरेसे नव्हते. मधल्या काळात त्याने व्हिझेवमध्येच व्हिया साक्रा या विद्यालयात शिक्षकी केली. दोन वर्षांनी त्याने झगा बाजूला ठेवला आणि कायद्याच्या अभ्यासासाठी कोइंब्रा विद्यापीठाची वाट धरली. पाद्री होण्याचे त्याने सोडले, पण सेमिनारीची शिस्त, मितभाषण, एकांताची आवड आणि आज्ञापालनावरील श्रद्धा त्याने कधीच सोडली नाही.

तो कोइंब्राला आला ते साल व तो महिना ध्यानात ठेवण्यासारखा आहे. १९०८ च्या फेब्रुवारीत राजा दों कार्लुश व युवराज यांचा लिस्बनच्या भर चौकात खून झाला होता. त्यानंतर गादीवर आलेला तरुण राजा दों मान्युएल दोन-अडीच वर्षेच टिकला. ५ ऑक्टोबर १९१० रोजी लिस्बनमध्ये प्रजासत्ताकाची घोषणा झाली आणि राजा परदेशी गेला. त्याच ऑक्टोबरात सेमिनारीतून बाहेर पडलेला हा एकवीस वर्षांचा तरुण विद्यापीठात दाखल झाला.

प्रजासत्ताकाने आल्याबरोबर धर्मसंस्थेवर हत्यार उपसले. जेझुइटांना देशाबाहेर काढले, मठ बंद केले आणि २० एप्रिल १९११ च्या कायद्याने राज्य व चर्च यांची फारकत केली. हा कायदा आफोंसु कॉस्ता या मंत्र्याचा. बैरा आल्तासारख्या प्रांतातील श्रद्धाळू कुळवाड्यांना हे सारे आपल्या घरावर आलेले संकट वाटले. व्हिमियेरूच्या या मुलालाही तसेच वाटले, आणि त्याच्या राजकारणाचा पाया तेथे घातला गेला.

आता याच घटनेकडे मांडवीच्या काठावरून पाहावे. राजेशाहीत कॅथलिक धर्म हा राज्याचा धर्म होता. साहजिकच गोव्यातील हिंदूंना सरकारी नोकरीची व प्रतिष्ठेची दारे बहुशः बंद होती. प्रजासत्ताकाने राज्याला धर्म ठेवला नाही आणि त्यामुळे हिंदू हा कायद्याने इतरांच्या बरोबरीचा नागरिक झाला. लिसेवात हिंदू मुलांची संख्या वाढू लागली, कचेऱ्यांतून हिंदू कारकून दिसू लागले, वर्तमानपत्रे निघाली. गोविंद पुंडलीक हेगडे देसाई यांचे ‘भारत’ हे पत्र १९१२ सालचे. लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांच्यासारख्या थोर कॅथलिक लेखकाने या समान हक्कांचा मनापासून पुरस्कार केला. म्हणजे जी घटना व्हिझेवच्या सेमिनारीस प्रलय वाटली, तीच फोंड्याच्या व म्हापशाच्या हिंदू घरांना पहाट वाटली. सालाझारचा पुढील उत्कर्ष हा या प्रजासत्ताकाच्या पाडावावर उभा आहे. गोवेकर वाचकाने ही गोष्ट नजरेआड करता कामा नये.

कोइंब्रात सालाझारने फार मित्र जोडले नाहीत. जो एक जोडला तो आयुष्यभराचा: मान्युएल गोंसाल्विश सेरेजेरा. हा पुढे पाद्री झाला, प्राध्यापक झाला आणि १९२९ साली लिस्बनचा पात्रिआर्क झाला. दोघे ‘ग्रिलुश’ नावाच्या जुन्या मठाच्या इमारतीत एकत्र राहत. ख्रिस्ती लोकशाहीच्या विद्यार्थी-मंडळात दोघांनी काम केले. या मंडळाची प्रेरणा पोप तेराव्या लिओच्या सामाजिक विचारांत होती. राजा की प्रजासत्ताक या वादापेक्षा चर्चचे हक्क व समाजाची घडी यांवर तेथे भर असे. सालाझारचे हे वैशिष्ट्य पुढेही टिकले. राजेशाहीवाल्यांना तो आपला वाटे, परंतु राजाला परत आणण्यासाठी त्याने बोटही उचलले नाही.

१९१४ साली तो पदवीधर झाला. वीसपैकी एकोणीस ‘व्हालोर’ हे गुण त्याला मिळाले. पोर्तुगेज पद्धतीच्या परीक्षा ज्यांनी दिल्या आहेत त्यांना या आकड्याची किंमत सांगावयास नको. तेथे चौदा-पंधरा मिळाले तरी घरी पेढे वाटले जात. पुढे त्याने अर्थशास्त्र व राजस्व हे विषय घेतले. सोन्याच्या वटावावर त्याने प्रबंध लिहिला, गव्हाच्या प्रश्नावर लिहिला. १९१७ साली तो विद्यापीठात अध्यापक झाला व १९१८ साली डॉक्टर. त्याची व्याख्याने कोरडी पण नेमकी असत. वर्गात टाळ्या पडाव्यात असे त्यात काही नसे आणि तशी त्याची इच्छाही नसे.

१९१९ साली उत्तर पोर्तुगालात राजेशाहीवाल्यांचे बंड होऊन ते मोडले गेले. त्यानंतर कोइंब्राच्या चार प्राध्यापकांवर राजेशाहीचा प्रचार केल्याचा आरोप येऊन त्यांना निलंबित करण्यात आले. त्यांत सालाझार होता. त्याने आपले उत्तर छापून प्रसिद्ध केले, चौकशी झाली आणि आरोप टिकले नाहीत. या प्रकरणाने त्याचे नाव विद्यापीठाबाहेर प्रथमच ऐकू गेले. १९२१ साली कॅथलिक पक्षाच्या वतीने तो गिमारायंस येथून संसदेवर निवडूनही आला. लिस्बनला गेला, एक बैठक पाहिली आणि कोइंब्राला परत आला तो पुन्हा त्या सभागृहात गेला नाही. संसदेविषयी त्याचे जे मत पुढे साऱ्या साम्राज्याला भोगावे लागले, ते एका दिवसात बनले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण त्या एका दिवसाने ते पक्के झाले असावे.

त्या संसदेची व त्या प्रजासत्ताकाची स्थिती काय होती हेही निःपक्षपातीपणे सांगितले पाहिजे. सोळा वर्षांत चाळीसहून अधिक मंत्रिमंडळे आली आणि गेली. राष्ट्राध्यक्षांपैकी आपली मुदत पुरी करू शकला तो एकटा आंतोनियु जुझे द आल्मैदा. सिदोनियु पाइश या राष्ट्राध्यक्षाचा १९१८ च्या डिसेंबरात लिस्बनच्या रेल्वेस्थानकावर खून झाला. १९२१ च्या ऑक्टोबरात एका रात्री सैनिक व खलाशी यांनी पंतप्रधान आंतोनियु ग्रांजु यास ठार केले. १९१६ साली देश महायुद्धात उतरला, त्याची फ्रान्समध्ये व आफ्रिकेत माणसे मेली आणि खजिना रिता झाला. युद्धापूर्वी एका पौंडाला पाच-साडेपाच एस्कुद पडत. १९२४ साली शंभराच्या वर मोजावे लागत होते. ज्याचे उत्पन्न ठराविक, त्या शिक्षकाची, कारकुनाची, पेन्शनराची पुंजी पाण्यात विरघळावी तशी नाहीशी झाली. प्रजासत्ताकाचा खरा आधार हाच मध्यम वर्ग होता. त्याचेच मन उडाले.

त्यातच १९२५ साली एक विलक्षण प्रकरण उजेडात आले. आल्व्हिश दुश रैश नावाच्या एका धूर्त इसमाने बनावट करारपत्रांच्या आधारे लंडनच्या वॉटरलो या प्रख्यात छापखान्याकडून पाचशे एस्कुदांच्या नोटा छापून घेतल्या. छापखाना खरा, ठसे खरे, कागद खरा. खोटा होता तो फक्त हुकूम. त्या नोटांवर चित्र होते वास्को द गामाचे. त्या पैशावर या माणसाने स्वतःची बँक काढली आणि राष्ट्रीय बँकेचे भाग विकत घेण्याचा सपाटा लावला. डिसेंबरात एका वर्तमानपत्राने हे प्रकरण फोडले. ज्या राज्याला आपल्याच नोटा खऱ्या की खोट्या हे कळत नाही, त्या राज्यावर लोकांनी विश्वास ठेवावा कसा?

२८ मे १९२६ रोजी ब्रागा शहरातून जनरल गोमिश द कॉस्ता याने सैन्य घेऊन लिस्बनकडे कूच केले. हा सेनानी पूर्वी हिंदुस्थानातही नोकरी करून गेलेला. प्रजासत्ताक जवळजवळ प्रतिकारावाचून पडले. परंतु बंड करणाऱ्या सेनाधिकाऱ्यांना पुढे काय करावयाचे हे ठाऊक नव्हते. पहिल्या दीड महिन्यात सत्तेच्या खुर्चीवर तीन माणसे बसली: आधी मेंदिश काबेसादश, मग खुद्द गोमिश द कॉस्ता आणि शेवटी जनरल कार्मोना, जो १९५१ पर्यंत, आपल्या मृत्यूपर्यंत, राष्ट्रप्रमुख राहिला. पहिल्याच मंत्रिमंडळासाठी कोइंब्राहून काही प्राध्यापक बोलावण्यात आले होते. त्यांत सालाझारला अर्थखाते देण्यात आले. तो लिस्बनला गेला, कारभार पाहिला, आपल्याला हवे तसे काम करता येणार नाही हे त्याने ओळखले आणि दोन आठवडेही पुरते झाले नाहीत तोच राजीनामा देऊन परतला. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याची आई वारली.

पुढची दोन वर्षे अर्थखाते जनरल सिनेल द कोर्दिश याच्याकडे होते. तूट भरून काढण्यासाठी त्याने राष्ट्रसंघाकडे १ कोटी २० लाख पौंडांचे कर्ज मागितले. कोइंब्रात बसलेला प्राध्यापक ‘नोव्हिदादिश’ या कॅथलिक पत्रातून लेखामागून लेख लिहून त्याच्या आकड्यांची चिरफाड करीत होता. लष्करी सरकारने वर्तमानपत्रांवर पूर्वतपासणी बसवली होती. तरीही हे लेख छापले जात, कारण त्यांत राजकारण दिसत नसे, बेरीज-वजाबाकीच दिसे. राष्ट्रसंघाने कर्ज देण्याची तयारी दाखवली, पण पोर्तुगालच्या राजस्वावर आपला देखरेख्या बसविण्याची अट घातली. ती अट मान्य करणे म्हणजे देशाची अब्रू गहाण टाकणे होते. १९२८ च्या आरंभी पोर्तुगेज प्रतिनिधींनी ती नाकारली. कर्ज नाही, पैसा नाही, आणि सेनापतींच्या हाती बंदुकीखेरीज दुसरे साधन नाही, अशा अवस्थेत पुन्हा कोइंब्राची आठवण झाली.

दुआर्त पाशेकु हा तरुण मंत्री सालाझारचे मन वळविण्यासाठी कोइंब्राला गेला. या खेपेस सालाझार तयार झाला, पण त्याने अटी घातल्या. त्याच्या सत्तारोहणाचे सारे मर्म या अटींत आहे, म्हणून त्या नीट पाहिल्या पाहिजेत. प्रत्येक खात्याने अर्थखात्याने ठरवून दिलेल्या रकमेच्या आतच खर्च करावा. जमा-खर्चावर परिणाम करणारा कोणताही निर्णय कोणत्याही खात्याने अर्थखात्याशी आधी विचारविनिमय केल्यावाचून घेऊ नये. ज्या वाढीव खर्चाला तरतूद नाही तो नामंजूर करण्याचा अधिकार अर्थमंत्र्यास असावा. आणि खर्चकपात व करवसुली सर्वत्र एकाच धोरणाने व्हावी. वरकरणी पाहता या अटी म्हणजे कोणत्याही नेटक्या कचेरीचे नियम. त्यांत ना हुकूमशाही दिसते, ना महत्त्वाकांक्षा. परंतु कचेरीच्या कामात ज्याची हयात गेली असा कोणीही इसम जाणतो, की ज्याच्या सहीशिवाय पैसा सुटत नाही त्याचीच सारी कचेरी. पंतप्रधान कोणीही असो, युद्धमंत्री कोणीही असो. तोफ घ्यावयाची की रस्ता बांधावयाचा, शाळा उघडावयाची की बंद करावयाची, याचा निकाल त्या दिवसापासून एकाच टेबलावर होणार होता.

२७ एप्रिल १९२८ रोजी, एकोणचाळिसावा वाढदिवस उजाडण्याच्या आदल्या दिवशी, त्याने अर्थमंत्रिपदाची सूत्रे घेतली. त्या प्रसंगी त्याने केलेले भाषण अगदी लहान आहे. त्यात त्याने वरील अटी जाहीर करून टाकल्या. म्हणजे त्या मोडल्या गेल्यास दोष कोणाचा हे साऱ्या देशाला आधीच कळले. आपल्याला काय पाहिजे व कोठे जावयाचे आहे हे आपण पुरते जाणतो, असे त्याने सांगितले. देशाने अभ्यास करावा, सूचना कराव्यात, हरकती घ्याव्यात, चर्चाही करावी. पण हुकूम देण्याची वेळ येईल तेव्हा तो पाळावा, अशी त्याची अपेक्षा होती. लष्करी अधिकाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. हुकूम कोण कोणाला देणार, हे त्या वेळी त्यांच्या लक्षात आले नाही.

१९२८-२९ चे अंदाजपत्रक त्याने शिल्लकी मांडले आणि वर्षअखेर हिशेबही शिलकीचाच निघाला. देशात हा चमत्कार मानला गेला. चमत्काराची कृती मात्र साधी होती. कर वाढवले, सरकारी नोकरांच्या पगारावर ‘राष्ट्रोद्धारा’च्या नावाने खास पट्टी बसवली, खात्यांचे पुरवणी खर्च बंद केले, जमा आणि खर्च एका शिस्तीत आणले. म्हणजे देशोद्धाराची पहिली किंमत शाळामास्तराने व कारकुनाने मोजली. आणि वृत्तपत्रे तपासणीखाली असल्यामुळे या आकड्यांची चिरफाड करणारा दुसरा प्राध्यापक देशात उरला नव्हता. गंमत अशी, की ज्या आफोंसु कॉस्ताचा कॅथलिक वर्ग इतका द्वेष करी, त्यानेही १९१३ साली, संसद चालू असताना व वृत्तपत्रे मोकळी असताना, अंदाजपत्रक शिलकीत आणून दाखवले होते. ते फारसे कोणी आठवले नाही.

एवढ्या यशाने त्याचे स्थान भक्कम झाले खरे, पण ते कसोटीला लागले ते एका घंटानादाच्या प्रश्नावर. १९२९ च्या जूनमध्ये न्यायमंत्री मारियु द फिगैरेदु याने चर्चच्या घंटा व मिरवणुका यांवरील जुने निर्बंध सैल करणारा एक हुकूम काढला. हा मंत्री सालाझारचा कोइंब्रातील स्नेही. मंत्रिमंडळात प्रजासत्ताकी वळणाचे सेनाधिकारी होते. त्यांनी तो हुकूम रद्द करविला. फिगैरेदुने राजीनामा दिला आणि त्याच्याबरोबर सालाझारनेही देऊ केला. तेव्हा तो पाय मोडून रुग्णालयात पडला होता. राष्ट्राध्यक्ष कार्मोना स्वतः त्याच्या खाटेशी आला व त्याने राहावे अशी विनंती करून गेला. सालाझार राहिला, पडले ते मंत्रिमंडळ. घंटा आणि मिरवणूक या गोष्टी देवस्थानाच्या महाजनांना चांगल्या परिचयाच्या. त्यांवरून गावात तंटे होतात हेही परिचयाचे. परंतु तेवढ्यावरून पंतप्रधान जावा आणि त्याचा अर्थमंत्री राहावा, यावरून सत्ता कोठे सरकली होती ते उघड होते.

१९३० च्या जानेवारीत आणखी एक मंत्रिमंडळ कोसळले, तेही सालाझारच्या अर्थनीतीवरच्या वादातून. नव्या मंत्रिमंडळात त्याने अर्थखात्याबरोबर काही महिने वसाहतींचे खातेही सांभाळले. वसाहत पाहिलेला माणूस तो नव्हे. तेथे त्याने पहिले काम केले ते ‘आक्तु कोलोनियाल’ या कायद्याचे. ८ जुलै १९३० रोजी तो जारी झाला. समुद्रापार मुलूख बाळगणे, तेथे वसाहत करणे आणि तेथील लोकांना सुसंस्कृत बनविणे हे पोर्तुगेज राष्ट्राच्या मूळ स्वभावातच आहे, अशा अर्थाचे कलम त्यात होते. प्रजासत्ताकाने समुद्रापारच्या मुलखांना जी आर्थिक मोकळीक दिली होती ती आवळून सारे सूत्र लिस्बनकडे घेण्यात आले, आणि ‘प्रांत’ हे नाव जाऊन ‘वसाहत’ हे नाव आले. जी शिस्त १९२८ साली मंत्रालयांना लावली, तीच १९३० साली गोवा, अंगोला, मोझांबिक यांना लावली गेली. फरक एवढाच, की मंत्रालये निदान आपल्या संमतीने त्या शिस्तीत शिरली होती.

कायद्याचा मसुदा प्रसिद्ध झाला होता, आणि गोव्याने तो मुकाट्याने गिळला नाही. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पणजीच्या कौन्सिलात मिनेझिस ब्रागांझा उभे राहिले व त्यांनी त्याचा निषेध करणारा ठराव मांडला. प्रत्येक लोकसमूहाला आपले व्यक्तित्व पूर्णत्वास नेऊन आपल्या भवितव्याची दिशा स्वतः ठरविण्याचा जन्मसिद्ध हक्क आहे आणि तो हक्क हिंदुस्थानातील पोर्तुगेज मुलूख सोडून देत नाही, असा त्याचा आशय होता. कायद्यात ‘राष्ट्राचा मूळ स्वभाव’ म्हणून जे शब्द वापरले होते, त्यांनाच ब्रागांझांनी उलटून हक्काच्या बाजूस लावले. लिस्बनमध्ये त्या ठरावाचा काही परिणाम झाला नाही. पण डॉ. राममनोहर लोहिया मडगावास येण्यापूर्वी सोळा वर्षे, आणि तेही सरकारच्याच सभागृहात, हे बोलले गेले, याची नोंद घेतलीच पाहिजे.

याच वर्षी ‘उनियांव नासियोनाल’ ही संघटना स्थापन झाली. हा पक्ष नव्हे, सर्व पक्षांच्या वरची राष्ट्रीय एकी आहे, असे तिचे वर्णन केले जाई. प्रत्यक्षात तिच्याखेरीज कोणाला जागा उरली नाही. १९३१ साली मदैरा बेटावर बंड झाले, ते मोडले. विरोधक हद्दपार झाले, तुरुंगात गेले किंवा थकले. सेनाधिकाऱ्यांतील कोणाचाही लौकिक सालाझारच्या तोडीचा राहिला नव्हता. ५ जुलै १९३२ रोजी तो पंतप्रधान झाला. अर्थखाते त्याने आपल्याकडेच ठेवले. त्याच वर्षी सप्टेंबरात व्हिमियेरूला त्याचा बाप वारला. शेतमजुरीपासून सुरुवात केलेल्या या माणसाने पोराला देशाच्या सर्वोच्च सत्तास्थानी पाहूनच डोळे मिटले.

आता राहिली होती ती कायद्याची मोहोर. नव्या राज्यघटनेवर १९ मार्च १९३३ रोजी सार्वमत घेण्यात आले. जे मतदार मत द्यावयास आलेच नाहीत, त्यांची गणना संमती देणाऱ्यांत करण्यात आली. आकड्यांच्या जोरावर वर आलेल्या राजवटीच्या पायाभरणीतच न दिलेली मते जमेच्या बाजूस मांडली गेली. ही घटना ११ एप्रिलला अमलात आली आणि आक्तु कोलोनियाल तिचाच भाग मानला गेला. संसद राहिली, पण तिच्यात विरोधक नव्हता. राष्ट्राध्यक्ष राहिला, पण त्याच्याकडे काम नव्हते. त्याच वर्षी राजकीय पोलीसखात्याची पुनर्रचना झाली, कामगार संघटना सरकारी चौकटीत कोंबण्यात आल्या आणि आंतोनियु फेर्रु या पत्रकाराला प्रचाराच्या कचेरीचा प्रमुख नेमण्यात आले. सालाझारच्या मुलाखती घेऊन त्याची एकांतवासी तपस्व्याची मूर्ती घडविणारा हाच फेर्रु. ती मूर्ती सर्वस्वी खोटी नव्हती. सालाझार अविवाहित राहिला, काटकसरीने राहिला आणि त्याने स्वतःसाठी संपत्ती जमविली असा आरोप त्याच्या कट्टर शत्रूंनाही सिद्ध करता आला नाही. त्याच्या राजवटीत माणसे तुरुंगात कुजली ती कोणाच्या खिशासाठी नव्हे, एवढेच याचे तात्पर्य. आणि पेनिशच्या किल्ल्यात डांबलेल्या त्रिस्तांव ब्रागांझा कुन्यांना, पुरुषोत्तम काकोडकरांना किंवा लक्ष्मीकांत भेंब्रे यांना त्यातून फारसे समाधान मिळाले असेल असे वाटत नाही.

सार्वमतानंतर अकराच दिवसांनी, ३० मार्च १९३३ रोजी, गोव्यात ६४५ क्रमांकाचा एक कायदेशीर हुकूम प्रसिद्ध झाला. देवस्थानांच्या महाजनांचे ‘रेगुलामेंत’ म्हणून आपण ज्यास ओळखतो तेच हे. ते सालाझारने लिहिले असे नव्हे. देवस्थानांवर सरकारी देखरेखीचे नियम १८८६ सालापासून होते आणि त्यांचीच ही सुधारलेली आवृत्ती. पण तिच्यावर त्या काळाचा ठसा आहे. महाजनांची यादी असावी. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार व मुखत्यार यांची समिती दर तीन वर्षांनी निवडली जावी. दरसाल अंदाजपत्रक करून ते तालुक्याच्या आदमिनिस्त्रादोराकडून मंजूर करून घ्यावे. त्याबाहेर खर्च करू नये. हिशेब तपासणीस पाठवावेत. कोइंब्राच्या प्राध्यापकाने लिस्बनच्या मंत्र्यांना घातलेल्या अटी आणि तेलाच्या, नैवेद्याच्या, पालखीच्या खर्चाला लागू झालेली ही कलमे एकमेकांशेजारी ठेवून वाचली तर त्यांची भाऊबंदकी लपत नाही. अनेक देवस्थानांचे हिशेब त्यामुळे सुधारले हे कबूल केले पाहिजे. आणि देवाच्या घरच्या खर्चालाही परक्या सरकारच्या अधिकाऱ्याची सही लागू लागली, हेही.

सालाझार १९६८ च्या सप्टेंबरपर्यंत पंतप्रधान राहिला, २७ जुलै १९७० रोजी मरण पावला आणि व्हिमियेरूच्या गावठी दफनभूमीत आईबापांच्या शेजारी पुरला गेला. चाळीस वर्षांच्या सत्तेत त्याने गोवा एकदाही पाहिला नाही. १९६१ नंतर आदमिनिस्त्रादोराच्या खुर्चीवर मामलेदार आला. रेगुलामेंत तेच राहिले.